रंगीत नर आणि त्याची प्रजननक्षमता: पक्ष्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पक्षी बघायला माणसं निघाली की नर-मादी ओळखण्यात पहिला तास जातो. त्यानंतर कुणीतरी हळूच विचारतं, "एवढा नटलाय, तर त्याची पिल्लंही जास्त होत असतील ना?" कोंबड्या पाळणाऱ्यांचा आणि पिंजऱ्यात फिंच-बजी ठेवणाऱ्यांचा प्रश्न जरा रोकडा असतो: नर दिसायला फक्कड आहे, मग अंडी का फुटत नाहीत? दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून काढली.

जितका रंगीत नर, तितका तो प्रजननक्षम. हे खरं आहे का?

सरसकट नाही. काही जातींत असा संबंध सापडला आहे, काहींत शोधूनही सापडलेला नाही आणि काहींत गोष्ट उलटी आहे. तेव्हा कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: तुम्ही नराची कोणती सजावट बघताय? पीस, चोच की तुरा? पीस एकदा वाढून पूर्ण झालं की ते मेलेलं असतं, आपल्या नखासारखं. त्याचा रंग सांगतो तो पीस उगवत होतं त्या दिवसांबद्दल. चोच आणि तुरा यांत मात्र रक्त खेळत असतं, त्यामुळे नराच्या अंगात आज काय चाललंय त्याची थोडीफार खबर तिथे मिळू शकते. हा फरक लक्षात ठेवून पुढचं वाचा, निम्मा गोंधळ आपोआप कमी होईल.

ही कल्पना मुळात आली कुठून?

मोराने डार्विनला छळलं तिथून. ३ एप्रिल १८६० रोजी अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटलं आहे की मोरपीस दिसलं की आपल्याला मळमळतं. जगण्याला अडचण करणारी एवढी अवजड शेपटी टिकली कशी, हे त्याला सुटत नव्हतं. पुढे १८७१ मध्ये त्याने उत्तर मांडलं: माद्या असे नर निवडतात, म्हणून. पण माद्या त्यांनाच का निवडतात, हा प्रश्न उरलाच.

त्यावर पुढे बऱ्याच जणांनी डोकं चालवलं. १९७५ मध्ये इस्राएलचे अमोत्झ झहावी म्हणाले की सजावट हे मुद्दाम वागवलेलं ओझं आहे. ते वागवूनही जो नर तगतो, तो दमदार असलाच पाहिजे. १९८२ मध्ये विल्यम हॅमिल्टन आणि मार्लीन झूक यांनी परजीवींचा मुद्दा आणला: अंगात कृमी-कीटक नाहीत त्याचाच रंग उजळ राहतो, आणि मादीला नेमकं तेच दिसतं. या दोन्ही विचारांत मादीला मिळतो तो पिल्लांच्या रक्तातून पुढे येणारा फायदा.

१९९४ मध्ये बेन शेल्डन यांनी यापेक्षा साधी शक्यता पुढे ठेवली. मादीला कदाचित एवढंच हवं असेल की आपलं अंडं फुकट जाऊ नये. नराचा रंग त्याच्या वीर्याची प्रत दाखवत असेल, तर रंगीत नर निवडून तिला आजच्या आज, याच विणीत फायदा होतो. नातवंडांपर्यंत थांबायची गरज नाही. या पानावरचे बहुतेक प्रश्न या एका कल्पनेभोवती फिरतात.

पण जोडीदार ठरलेला असताना मादी दुसऱ्या नराच्या रंगाकडे बघेलच कशाला?

बघते. आणि हे उघड झाल्याची एक गोष्ट मला फार आवडते.

अमेरिकेत लाल खांद्यांचा एक काळा पक्षी आहे, रेड-विंग्ड ब्लॅकबर्ड. पाणथळीत त्याची वीण होते आणि पिकांवर त्याचे थवेच्या थवे उतरतात. त्याची संख्या कमी कशी करायची, याचा विचार चालू असताना नरांची नसबंदी करून बघण्याचा प्रयोग झाला. प्रत्येक नराचा आपला इलाखा असतो, त्यात त्याच्या माद्या घरटी करतात. म्हणजे नराची नस कापली की त्या इलाख्यातली सगळी अंडी वांझ, असा सरळ हिशेब होता. १९७५ मध्ये निकाल छापून आले. नसबंदी केलेल्या नरांच्या इलाख्यातल्या कितीतरी घरट्यांत अंडी व्यवस्थित फळलेली निघाली. शेजारी कामाला आले होते!

डीएनए तपासणी आल्यावर तर भांडंच फुटलं. जोडीने राहणाऱ्या पक्ष्यांवरच्या अभ्यासांचा २००२ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा सरासरी ११ टक्क्यांहून अधिक पिल्लं घरट्यातल्या नराची नव्हती. ऑस्ट्रेलियातल्या सुपर्ब फेअरी-रेन या इवल्याशा निळ्या पक्ष्यात १९९४ च्या एका अभ्यासात ७६ टक्के पिल्लांचा बाप कुटुंबाबाहेरचा निघाला. सारसाच्या जोडीला आपण निष्ठेची उपमा देतो ती देत राहावी, पण घरट्याबाहेरची ही भानगड पक्ष्यांत अजिबात दुर्मीळ नाही.

शेल्डन यांचं म्हणणं यावरच उभं आहे. आपल्या नराचं बीज कुचकामी निघालं तर सोय म्हणून मादी दुसरीकडे जात असेल, आणि दुसरा निवडताना रंगावर भरवसा ठेवत असेल.

रंग आणि शुक्राणू यांचा शरीरात संबंध येतो कुठे?

मुख्यतः एका रंगद्रव्यामुळे, कॅरोटिनॉइडमुळे. गाजर, झेंडू, पिकलेली मिरची यांना रंग देणारा हा गट. पक्ष्याला तो अंगात बनवता येत नाही, खाण्यातूनच मिळवावा लागतो. पिवळं द्रव्य खाऊन त्याचं लाल करणारं जनुक मात्र काही पक्ष्यांकडे असतं. २०१६ मध्ये कॅनरी आणि झेब्रा फिंच यांच्यात ते ओळखलं गेलं.

आता शुक्राणूकडे बघा. त्याच्या बाहेरच्या पापुद्र्यात असंपृक्त मेदाम्लं भरपूर असतात. त्यामुळे तो लवचिक होतो, पण गोडं तेल उघडं राहिलं की खवट होतं, तसा ऑक्सिजनच्या उपद्रवी रेणूंनी लवकर खराबही होतो. कॅरोटिनॉइड हा मारा अडवतात, असं मानलं जायचं. त्यावरून २००१ मध्ये असा तर्क मांडला गेला की ज्याच्याकडे हे द्रव्य पिसांवर उधळण्याइतकं आहे, त्याच्या शुक्राणूंनाही संरक्षण मिळत असणार. श्रीमंताच्या घरी सणालाही पुरतं आणि आजारपणालाही, त्यातलाच प्रकार.

तर्क देखणा आहे, पण २००८ मध्ये पक्ष्यांवरच्या अभ्यासांची बेरीज केली तेव्हा पक्ष्याच्या अंगात कॅरोटिनॉइड हे काम फारसं करत नाहीत असं दिसलं. सणाचा खर्च आणि औषधाचा खर्च एकाच खिशातून होतो, हेच अजून पक्कं ठरलेलं नाही.

शिवाय सगळे रंग कॅरोटिनॉइडचे नसतातच. मोराच्या मानेचा निळा आणि शिंजीराची जांभळी झळाळी पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेतून येते. चिमणीच्या नराच्या गळ्यावरचा काळा डाग मेलॅनिनचा असतो. त्यांना हा तर्क लावायचाच कसा?

कोंबड्याचा तुरा लालभडक असेल तर तो वीण चांगली देतो, असं घरी म्हणतात. काही आधार आहे?

या सगळ्या पानात सर्वांत भक्कम आधार कशाला असेल तर यालाच.

१८४९ मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेन इथे आर्नोल्ड बर्टोल्ड यांनी सहा तरुण कोंबडे घेतले आणि त्यांचे वृषण काढले. ज्यांचे नुसतेच काढले त्यांचा तुरा फिका आणि खुरटा राहिला. त्यांनी आरवणं, भांडणं आणि कोंबड्यांमागे धावणंही सोडलं. इतरांच्या पोटात वृषण परत ठेवून दिला, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा, जुन्या जागी न जोडता. त्यांचा तुरा छान वाढला आणि ते बांग देऊ लागले. वृषणातून काहीतरी रक्तात मिसळतं आणि ते सगळ्या अंगावर काम करतं, हे यातून दिसलं. संप्रेरकांच्या शास्त्राची सुरुवात बरेच जण इथूनच मानतात. ते 'काहीतरी' म्हणजे टेस्टोस्टेरॉन, हे कळायला पुढे ऐंशीहून अधिक वर्षं लागली.

म्हणजे तुरा सरळ वृषणाच्या तालावर नाचतो. कोंबडा आजारी पडला, जंत झाले की तुरा फिकटतो आणि मऊ पडतो. रानकोंबड्यांच्या पिल्लांना मुद्दाम गोलकृमी देऊन वाढवलं तेव्हा त्यांचे तुरे छोटे आणि निस्तेज झाले आणि माद्यांनी निरोगी नर पसंत केले, असं झूक आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवलं. मामाच्या घरी आजी कोंबडा घ्यायच्या आधी त्याचा तुरा दोन बोटांत धरून बघायची, ऊब आणि ताठपणा. गळ्याचं रंगीबेरंगी पीस ती बघायचीसुद्धा नाही. मला तेव्हा वाटायचं, काय ही रसिकता!

पण वृषण काम करतोय आणि वीर्य उत्तम आहे, या दोन गोष्टी एक नाहीत. फिका, मलूल तुरा बघून कोंबडा नाकारावा. दोन लालभडक तुऱ्यांपैकी थोडा मोठा कुठला, यावरून मात्र जास्त पिल्लं कोणाची होतील ते ठरवता येत नाही.

आणि त्याच कोंबड्याची शेपटी? तीही टेस्टोस्टेरॉनमुळेच ना?

नाही, आणि इथे बहुतेक जण चकतात.

कोंबड्या, मोर, बदकं या गटांत नराचा भरजरी पिसारा हा मूळचा वेष आहे. मादीच्या अंगातलं इस्ट्रोजेन तो दाबून तिला साधा वेष देतं. खच्ची केलेल्या कोंबड्याचा तुरा आक्रसतो, पण कमानदार शेपटी तशीच राहते. मोराचंही तेच, वृषण गेला तरी पिसारा येतोच. उलट एखाद्या म्हाताऱ्या लांडोरीचा किंवा कोंबडीचा अंडाशय निकामी झाला की पुढच्या पिसंझडीनंतर तिच्या अंगावर नराची पिसं उगवू लागतात. गावात अशी कोंबडी निघाली की लोक अपशकुन मानून तिला कापत. बिचारीचा अंडाशय तेवढा बिघडलेला असायचा.

सुगरणीच्या कुळातल्या काही आफ्रिकी पक्ष्यांत तिसराच प्रकार आहे. तिथे विणीची पिसं मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीच्या संप्रेरकावर येतात, वृषण असो वा नसो.

म्हणून पिसारा बघून वृषणाचा अंदाज बांधायला जाऊ नये.

मोराच्या पिसाऱ्यावरचे डोळे मोजून काही कळतं का?

इंग्लंडमधल्या व्हिप्सनेड उद्यानात मोकळे फिरणारे मोर आहेत. तिथे मॅरियन पेट्री यांनी अनेक वर्षं काम केलं. १९९१ मध्ये त्यांनी दाखवलं की ज्याच्या पिसाऱ्यावर डोळे जास्त, त्याला लांडोरी जास्त मिळतात. १९९४ मध्ये पुढचं पाऊल: मोठ्या डोळ्यांच्या मोरांची पिल्लं चांगली वाढली आणि पार्कात सोडल्यावर जास्त तगली. लांडोरी आणि मोर यांच्या जोड्या त्यांनी स्वतः लावून दिल्या होत्या, त्यामुळे चांगल्या मोराला चांगली लांडोर मिळाली असेल, ही शंका घ्यायला जागा नव्हती.

मग २००८ मध्ये जपानमधून उलटी बातमी आली. इझु भागातल्या एका उद्यानात सात वर्षं मोर बघून मारिको ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की लांडोरी जास्त डोळ्यांच्या मोरांना पसंती देतात असं आपल्याला दिसलं नाही. यावर बराच वाद झाला. मला वाटतं, दोन्ही खरं असू शकेल. बहुतेक सगळ्या मोरांचे डोळे दीडशेच्या आसपास असतात. त्यात पाच-दहा इकडे-तिकडे, ते नाचत्या मोराच्या पिसाऱ्यात लांडोर तरी काय मोजणार? पण पिसं तुटून डोळे बरेच कमी झालेले मोर थव्यात असतील तर ते तिला खटकत असतील.

आपल्या प्रश्नापुरतं एवढंच, की या अभ्यासांत पसंती मोजली आणि पिल्लांची वाढ मोजली. 'मोठा पिसारा म्हणजे चांगलं वीर्य' असं त्यांतून निघत नाही.

लांडोर मोराचे अश्रू पिऊन गाभण राहते म्हणतात...

नाही. २०१७ मध्ये राजस्थानात एका न्यायमूर्तींनी निवृत्तीच्या दिवशी हे बोलून दाखवलं आणि देशभर चर्चा झाली, तेव्हापासून हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. मोर लांडोरीवर चढतो आणि दोघांची अवस्करं, म्हणजे शेपटीखालची द्वारं, क्षणभर एकमेकांना टेकतात. बहुतेक पक्ष्यांत हे असंच होतं आणि काही सेकंदांत आटोपतं. शिरूर तालुक्यातल्या मोराच्या चिंचोलीला पावसाळ्याच्या तोंडावर पहाटे गेलात आणि नशीब असलं तर प्रत्यक्ष बघाल.

बरं, मग वीर्य थेट तपासून कोणी बघितलं आहे का?

बघितलं आहे, आणि निकाल एकसारखे आलेले नाहीत.

होकाराच्या बाजूला ग्रेट टिट आहे, पिवळ्या पोटाचा युरोपातला पक्षी. स्वित्झर्लंडमध्ये झालेला एक प्रयोग २०१० मध्ये छापून आला. काही घरट्यांत पिल्लं वाढवून ठेवली, म्हणजे बापाची धावपळ वाढली. या ताणाखाली फिक्या नरांच्या शुक्राणूंची हालचाल मंदावली आणि त्यांच्यातल्या मेदाची हानी वाढली. गडद पिवळ्या नरांचं तेवढं बिघडलं नाही. फिक्यांना वरून कॅरोटिनॉइड चारल्यावर त्यांचे शुक्राणू सावरले. यात मला सर्वांत बोलकी वाटते ती ताणाची अट. सगळं आलबेल असताना फिका आणि गडद यांत फरक दिसेलच असं नाही. ओढाताण सुरू झाली की उघडं पडतं.

मॅलार्ड बदकातही २००४ मध्ये नराच्या चोचीचा कॅरोटिनॉइडचा रंग आणि शुक्राणूंची चाल यांचा संबंध सापडला होता. पुन्हा चोच, म्हणजे जिवंत भाग, हे ध्यानात घ्या.

नकाराच्या बाजूला झेब्रा फिंच. नराची चोच लाल, मादीची नारिंगी, आणि मादीला गडद लाल चोच आवडते असं अनेक वर्षं सांगितलं जायचं. शेफील्डच्या टिम बर्कहेड यांनी १९९५ मध्ये चोचीचा रंग आणि वीर्याची प्रत ताडून बघितली, संबंध काही लागला नाही. ऑस्ट्रेलियातल्या लाल पाठीच्या फेअरी-रेनची तऱ्हा आणखी वेगळी. २०१० च्या अभ्यासात रंगीत नरांकडे शुक्राणूंचा साठा मोठा निघाला, पण एकेका शुक्राणूची प्रत साध्या तपकिरी नरांपेक्षा वरचढ नव्हती.

२०१३ मध्ये पक्ष्यांसकट अनेक प्राण्यांवरच्या अशा अभ्यासांची गोळाबेरीज झाली. सजावट आणि वीर्य यांचा संबंध एकंदरीत अगदी क्षीण निघाला.

नटण्यात आणि मिरवण्यातच शक्ती संपत असेल, असं होतं का?

होतं. मोरोक्कोतल्या एका प्रजनन केंद्रात हौबारा माळढोकांच्या नरांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली जाते. हा नर मानेची पांढरी पिसं फुलवून माळावर आंधळ्यासारखा धावत सुटतो, तेच त्याचं प्रदर्शन. २०११ मध्ये सतराशेहून अधिक नरांच्या नोंदींवरून दिसलं की तरुणपणी जे सर्वांत जास्त मिरवतात, त्यांच्या वीर्याची प्रत वय वाढताना लवकर घसरते. म्हणजे म्हातारा नर अजून झोकात धावतोय आणि बीज केव्हाच थकलंय, असंही घडू शकतं. दिखाव्यावर विश्वासून आलेल्या मादीची ती फसगतच.

कोंबड्यांत हा प्रकार रोजच्या रोज चालतो. कळपाचा म्होरक्या कोंबडा दिवसभरात इतक्या वेळा चढतो की शुक्राणू आटत जातात. खालच्या क्रमांकाचा कोंबडा संधीच क्वचित मिळत असल्यामुळे साठा राखून असतो. त्याच्या शुक्राणूंची चाल म्होरक्यापेक्षा कमी नसते, कधी जास्तच भरते. पण कोंबडीही कच्च्या गुरूची चेली नाही. ऑक्सफर्डचे टॉमासो पिझारी आणि बर्कहेड यांनी २००० मध्ये नोंदवलं की खालच्या कोंबड्याने जबरदस्ती केली तर ती नंतर त्याचं वीर्य अंगाबाहेर टाकून देते.

चांगल्या नराबरोबर मादी मोठी किंवा जास्त अंडी घालते. मग तो जास्त प्रजननक्षम नाही का?

इथे श्रेय चुकीच्या खात्यात जमा होतं. पेट्री यांना १९९३ मध्ये दिसलं की मोठ्या पिसाऱ्याच्या मोराबरोबर लांडोर जास्त अंडी घालते. मॅलार्डची मादी पसंतीच्या नराबरोबर मोठी अंडी घालते, हे २००० मध्ये प्रसिद्ध झालं. अंडं घडवते मादी, त्यात बलक भरते मादी. नर आवडला म्हणून तिने हात सैल सोडला, एवढाच त्याचा अर्थ. आकडे फक्त पिल्लांचे असतील तर नराचं बीज आणि मादीची मेहनत वेगळी करता येत नाही. जुने निष्कर्ष वाचताना हे तपासायची सवय ठेवा.

माझ्याकडे बजी आहेत. नराच्या नाकावरचा रंग बदलला तर?

आपल्या बाजारात ज्यांना सरसकट 'लव्हबर्ड' म्हणून विकतात, तेच बहुतेक वेळा बजी असतात. चोचीच्या वर नाकपुड्यांभोवती जो मांसल पट्टा असतो तो मोठ्या नरात निळा आणि विणीत आलेल्या मादीत तपकिरी असतो. पांढऱ्या आणि पूर्ण पिवळ्या जातींत नराचा पट्टा गुलाबी-जांभळाच राहतो, तिथे हा नियम लावू नका.

निळ्या पट्ट्याच्या नराचा पट्टा तपकिरी व्हायला लागला तर थांबू नका, पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या. वृषणाच्या गाठीमुळे अंगात इस्ट्रोजेन वाढलं की असं होतं. रंगावरून थेट वृषणाची तब्येत कळते अशी उदाहरणं थोडी, त्यातलं हे घरातलं. दुर्दैवाने बातमी वाईटच असते.

जोडी लागली, अंडी घातली, पण एकही फुटलं नाही. नर कुचकामी आहे का?

नराला काढून टाकण्याआधी अंडं उजेडावर धरा. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च अंड्याच्या रुंद टोकाला लावला की कोंबडीच्या अंड्यात साधारण पाचव्या-सहाव्या दिवशी लाल शिरांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी आणि मधे काळा ठिपका दिसतो. आठवडा उलटूनही अंडं आरपार स्वच्छ पिवळंच दिसत असेल तर ते फळलेलं नसावं. पण नसावंच, नाही असं नाही. कारण भ्रूण पहिल्या एक-दोन दिवसांतच मेला तर तेही असंच स्वच्छ दिसतं. प्रयोगशाळेत बलकावरचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यात अडकलेले शुक्राणू मोजतात, तेव्हा खरं काय ते कळतं. शेफील्डच्या गटाने अशी तपासणी केली तेव्हा 'वांझ' म्हणून टाकलेली कितीतरी अंडी प्रत्यक्षात फळलेली होती आणि भ्रूण नंतर मेला होता.

रानातल्या पक्ष्यांतही सुमारे दहातलं एक अंडं फुटत नाही. पाळलेल्यांत आणखी कारणं असतात: अंडी जुनी झालेली, मे महिन्याचा उकाडा, बसलेली कोंबडी मधेच उठलेली, जोडी एकमेकांच्या फार जवळच्या नात्यातली.

आणि एक गोष्ट. मादीच्या अंगात शुक्राणू साठवण्याच्या बारीक नळ्या असतात. कोंबडीत ते दोन-तीन आठवडे जिवंत राहतात, टर्कीत दहा आठवड्यांपर्यंत. कोंबडा बदलून चार दिवसांनी घातलेल्या अंड्यांवर नव्या कोंबड्याची परीक्षा घेऊ नका. त्यातली पिल्लं जुन्याची असू शकतात. तीन आठवडे जाऊ द्या, मग मोजा.

रंग वाढवणारं खाद्य दिलं तर प्रजनन सुधारेल?

रंग वाढेल. लाल कॅनरी पाळणारे पिसंझडीच्या दिवसांत असं खाद्य देतातच, रोहित पक्ष्यांचा गुलाबीही खाण्यातूनच येतो. पण त्यामुळे पिल्लं वाढतील असं मी कुणालाही सांगणार नाही. ग्रेट टिटमध्ये फायदा झाला तो ताणातल्या फिक्या नरांना. पोटभर खाऊन पिंजऱ्यात बसलेल्या नराला तीच मात्रा लागू पडेल, याला आधार नाही. पैसे ताज्या पालेभाजीवर आणि स्वच्छ पाण्यावर खर्च करा.

पायात लाल कडी घातली की नर मादीला जास्त आवडतो, असं वाचलं होतं.

झेब्रा फिंचवर नॅन्सी बर्ली यांनी १९८०च्या दशकात हे मांडलं आणि पाठ्यपुस्तकांतही ते गेलं. पुढे इतरांनी मोठ्या संख्येने पक्षी घेऊन प्रयोग परत केला, तेव्हा कडीचा असा काही परिणाम मिळाला नाही. २०१८ मध्ये हे पुन्हा तपासून छापलं गेलं. कडी ओळखीसाठी घाला, रंग कोणताही चालेल.

मादीच जास्त रंगीत असेल तर?

रंगीत पाणलाव्यात तसं आहे. तिथे मादी तांबूस-गडद आणि ठसठशीत, ती नरांसाठी भांडते, अंडी घालून पुढे जाते आणि नर बसून उबवतो. निवडणारा आणि निवडला जाणारा यांची अदलाबदल झाली की रंगाचीही होते.

आपल्याकडे बघायचंच असेल तर कोणता पक्षी बघू?

शिंजीर बघा, जांभळा. अंगणात जास्वंद किंवा कुंपणाला घाणेरी असली तरी पुरतं. विणीचा हंगाम सरला की नर झळाळी उतरवून जवळजवळ मादीसारखा पिवळट होतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ राहते, शाईचं बोट ओढल्यासारखी. हंगाम जवळ आला की त्या रेघेच्या आजूबाजूला काळे-जांभळे ठिपके उगवायला लागतात आणि काही दिवस तो अगदी गबाळा दिसतो. त्याच सुमारास पोटात वृषण फुगत असतात. हंगामी पक्ष्यांत ते शेकडो पटींनी वाढतात, मोहरीचा दाणा असतो त्याचा वाटाणा होतो.

दोन्ही बदलांना वाढत-घटत जाणारा दिवस आणि ऋतू ढकलत असतात, म्हणून ते बरोबर घडतात. रंग आला म्हणून वृषण वाढले नाहीत की वृषण चांगले म्हणून रंग चांगला आला, असंही नाही. आमच्या कुंपणावर एकदा अर्धा बदललेला नर आला होता, डोकं जांभळं आणि पोट अजून पिवळं, तशाच अवतारात गाणं म्हणत. मादी दोन फांद्या सोडून बसली होती आणि चोच घाशीत होती. तिने त्याच्याकडे बघितलं का, ते मला सांगता येणार नाही.